आगाऊ होकार

“गाऱ्हाणं घालणार की नाही, तेवढं सांगा बुवा. मला दुपारची गाडी गाठायची आहे.”

निनाद तळवडेकर देवळाच्या पायरीवर उभ्यानंच विचारत होता. हातात नारळ, मनगटावर हे एवढं घड्याळ.

“बस,” दाजीबुवा म्हणाले.

निनाद बसला. नौदलात कमांडर झाला तरी बुवांच्या एका शब्दावर बसतो, हे मला बघायला आवडतं. लहानपणी ह्याच देवळात तो बुवांकडे पखवाज शिकला. बुवांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि फुशारकी मारण्यातही तोच पुढे.

मी बुवांच्या भजनात चकी, म्हणजे छोटी झांज, वाजवतो आणि गाऱ्हाण्याला होकार देतो. बुवा गिरोबापुढे मागणं मांडतात, आम्ही दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. होकार नसेल तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. दोन्ही कामांना अक्कल लागत नाही, असं आमची मंडळी म्हणते. म्हणू दे.

“कशासाठी घालायचं?” बुवांनी पानाचा डबा पुढे ओढला.

“टॉर्पेडोसाठी.”

बुवांनी पानाला चुना लावला. घाई नाही.

“पाणबुडी शोधून बुडवणारं अस्त्र असतं ते,” निनाद म्हणाला. “त्याचे सुटे भाग मागवलेत. एकेक भाग मी तपासून घेतला, मी जोडून घेतला. पुढच्या आठवड्यात समुद्रात चाचणी आहे.”

एवढं सांगायची त्याला परवानगी होती की नाही, गिरोबा जाणे. बुवांपुढे बसल्यावर माणसाचं तोंड सुटतं.

“त्यातला मुख्य भाग म्हणजे डोकं. त्याला होमिंग हेड म्हणतात.”

“होम करता त्याचा?”

“नाही हो बुवा. होम म्हणजे इंग्रजीत घर. पाण्यात कान लावतं, पाणबुडीचा माग काढतं आणि बरोबर तिच्यापर्यंत जातं. तिला कितीही वळणं घेऊ देत, कुठंही लपू दे.”

“म्हणजे घर शोधणारं डोकं.”

“तसं म्हणा.”

“तुझं डोकं घरी कधी आलं होतं?”

“…चवथीला.”

“कुठल्या?”

निनाद घड्याळाशी खेळायला लागला. मी खांबाकडे तोंड करून हसून घेतलं. दोन चतुर्थ्या ह्याच्या आईनं एकटीनं गणपती आणला, ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

“हे डोकं चुकत नाही, बुवा,” तो पुन्हा आपल्या वाटेला लागला. “असलं काम आमच्याकडे आधी झालेलं नाही.”

“चुकत नाही?”

“नाही.”

“मग थांबतं कसं?”

“त्याचा वेगळा भाग आहे. चाचणीत आपलीच पाणबुडी समोर असते ना. ती वर, हे खाली. ठरवलेल्या खोलीच्या वर ह्यानं यायचंच नाही. शोधायचं, गाठायचं आणि खालून निघून जायचं. मग दूर जाऊन वर तरंगतं, आम्ही उचलून आणतो.”

“आणि तो थांबवणारा भाग?”

“तोही नवाच आहे.”

“तो चुकत नाही?”

निनादनं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला.

बुवांनी सुपारी कातरली.

“दारू भरलेली नसते चाचणीत,” निनाद म्हणाला. “पण बैलाएवढं वजन आहे, तेही धावतं. खालून धडकलं तर… धडकणार नाही. मी स्वतः तपासलंय.”

“पाणबुडीत कोण आहे?”

निनादनं मान वळवून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाटलांची म्हैस होती.

“दिगू,” तो म्हणाला.

आता मला सगळं उलगडलं. दिगंबर म्हणजे दिगू, ह्याचा धाकटा भाऊ. तोही नौदलात, पण पाणबुडीवर. एक भाऊ पाण्याखाली लपणारा, दुसरा लपलेल्याला शोधणारा. त्यांच्या आईला कुणी विचारलं की मुलं काय करतात, तर ती म्हणते, “दोघे लपाछपी खेळतात. लहानपणापासून तेच.”

“आईनं पाठवलं तुला?” बुवांनी विचारलं.

“हो. म्हणजे… नाही. मीच आलो.”

“बरं केलंस. काय मागू ते सांग. नीट सांग. देव मागितलं तेवढंच देतो, पदरचं घालत नाही.”

“यश मागा.”

“कुणाला?”

“मला. म्हणजे वस्तूला. पाणबुडी सापडली पाहिजे.”

“आणि दिगूला काय?”

“त्याचं काम न सापडायचं. त्यांचा कॅप्टन आम्हाला चुकवायला जिवाचं रान करणार.” निनाद हसला. “दिगू इथं आला असता तर उलटंच मागून गेला असता.”

“आला होता,” बुवा म्हणाले.

निनादचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

बुवांनी देवाच्या पायाकडे हात केला. तिथं एक नारळ सोमवारपासून ठेवलेला होता. मी रोज त्याच्या भोवतीनं झाडतो.

“दिगूचा आहे. सुट्टीवर आला होता, जाताना ठेवून गेला.”

“काय मागितलं त्यानं?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? सापडू नये असं म्हणाला असेल.”

“तू बसलास तिथंच बसला होता. म्हणाला, दादा येईल. तो मागेल ते घाला. मी म्हटलं, अरे, तू नसशील तेव्हा तुझा होकार कोण देणार? तर देवाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, व्हय म्हाराजा. एकदाच. आणि उठून गेला.”

मी होतो तिथं. मागणं नाही, गाऱ्हाणं नाही, आणि कोरा होकार. आगाऊपणा म्हणायचा की आणखी काही, मला कळेना. त्या दिवशी मी देऊळ दोनदा झाडलं. बुवांनी मला कोरा चहा पाजला.

निनाद त्या नारळाकडे बघत राहिला…

घड्याळाकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

बुवांनी पान तोंडात घातलं. “लहानपणी तो कुठं लपायचा रे?”

“ह्याच देवळात. पखवाजाच्या पेटीमागे.”

“दर वेळी?”

“दर वेळी. दुसरी जागाच सुचायची नाही त्याला. श्वास तर असा घ्यायचा की रस्त्यावरून ऐकू यावा.”

“मग तू आधी तळ्यावर का शोधायचास? मग बोरीखाली, मग आमच्या गोठ्यात?”

“…लगेच सापडला की रडायचा.”



निनादनं हातातला नारळ दिगूच्या नारळाशेजारी ठेवला. दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि खालीच बघत म्हणाला, “बुवा, सापडू दे. पण त्याला हात लागू नको. दोन्ही मागता येईल?”

“मागता येईल. मिळेल की नाही ते तुझ्या भागांना विचार.”

“मग मी जाऊन पुन्हा तपासतो. तो खोलीचा भाग. सगळा उघडून.”

“तू तर म्हणालास, चुकत नाही.”

“तपासतो, बुवा.”

बुवा उठले, खांद्यावरचं उपरणं नीट केलं. माणसांशी ते शुद्ध बोलतात, देवाशी मालवणी. देवाला पुस्तकी कळत नाही, असं त्यांचं मत आहे.

“बा देवा गिरोबा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” मी आणि निनाद.

“आज ह्यो तुझो झील निनाद तुझ्या पायाकडे इलो हा. तेना दर्यात सोडूची वस्तू जुळवल्यान हा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेचो धाकटो भाव दिगू पाण्याच्या पोटात आसा. वस्तूक तो गावांदे. पण तेका धक्को लागांदे नको.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. निनादचे नुसते ओठ हलले. बुवा थांबले. निनादनं घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाला, ह्या वेळी मोठ्यानं. आवाज अगदी दिगूसारखा आला.

“आणि दोघांक चवथीक घराक पोचय म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मी दोन्ही नारळ वाढवले. दोन्ही गोड निघाले. खोबऱ्याचे तुकडे निनादनं रुमालात बांधून घेतले. “दिगूला पोचवतो,” म्हणाला. बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी ताल चुकल्यावर मारत तशी हलकी टपली मारली.

तो पायऱ्या उतरला, बूट चढवले. गाडीची वेळ कधीच होऊन गेली होती. तरी तिथंच उभा राहिला.

“बुवा, ही तर चाचणी. उद्या खरीच वेळ आली तर? तेव्हा दारू भरलेली असेल. थांबवणारा भाग काढलेला असेल. मी मागं हटणार नाही, ते माझं काम आहे. पण समोरच्या पाणबुडीत दिगू नसेल. तेव्हा गाऱ्हाणं कसं घालायचं?”

बुवा पायरीपर्यंत आले.

“घालू,” ते म्हणाले. “तेव्हाही नारळ दोनच. समोरच्याचाही तूच घेऊन ये.”