धामणीची रेघ

पूर्वी, इतक्या पूर्वी की अजून डोंगरांनाही नावं पडायची होती, तेव्हा एका खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. खिंडीपलीकडे लांडग्यांचं रान होतं. दर हिवाळ्यात गावातली तीस माणसं खिंडीत राखणीला जात आणि झाडांना नवी पालवी फुटली की खाली येत. त्यांच्या हाती एकेक धनुष्य असे, आणि ती सगळी धनुष्यं एकच कारागीर घडवत असे.

या कारागिराचा हात चांगला होता आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. निळीत बुडवलेला दोरा ताणून तो ओंडक्यावर रेघ मारी, ती पाहायला म्हणे परगावचे सुतार येत. "रेघ मारावी तर आमच्या धन्यांनी," असं त्याची बायको म्हणे. ती कोणत्या सुरात म्हणते, याकडे मात्र त्याने कधी लक्ष दिलं नाही.

गावाची एक रीत होती. नव्या धनुष्याला पहिला ताण घडवणाऱ्यानेच द्यायचा, तोही सगळ्यांसमोर, दोरी थेट गालाला भिडेपर्यंत. मोडायचं असेल तर ते त्याच्या तोंडावर मोडू दे, राखणदाराच्या नको.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. कारागिराचा उजवा खांदा धरला आणि हाताने ओंडके कापणं त्याला झेपेना. आणि राखणीला जाणाऱ्या तिसांत त्याच्या एकुलत्या एक लेकीचं नाव आलं. त्याने ते ऐकलं, मान डोलावली, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आता फिरती करवत आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. फिरती करवत म्हणजे एकावर एक अशी दोन चाकं, आणि त्यांच्यावरून माळेसारखी अखंड फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. मध्ये एक फळी, तिच्यावर लाकूड ठेवून पुढे सरकवायचं. ती घडवणारे लोहार सात नद्यांपलीकडे राहत, त्यामुळे नवी मिळण्याची आशाच नको. पण शरदात नदीच्या वाळवंटात जुन्या हत्यारांचा बाजार भरे. त्या बाजाराचीही एक रीत होती. विकणाऱ्याने आपल्या हत्याराचं कौतुक करायचं नाही. गिऱ्हाइकाने आपलं लाकूड आणायचं, चालवून पाहायचं आणि काय ते समजून घ्यायचं.

कारागीर धामणीचा एक वाळलेला ओंडका डाव्या खांद्यावर घेऊन बाजारात गेला. धामणीसारखं लवचिक लाकूड त्या रानात दुसरं नव्हतं.

पहिली करवत पाहून तो जागच्या जागी थबकला. पुरुषभर उंचीची चाकं, त्यांवर पितळी फुलं, तळहाताएवढी रुंद पट्टी आणि फिरवायला जुंपलेला बैल! "राजाच्या रथशाळेतली आहे," विकणारा रीत मोडून हळूच म्हणाला. कारागिराने निळीची रेघ मारली आणि ओंडका पुढे केला. एका दमात लाकूड कापलं गेलं. कड रेघेला इतकी धरून होती की कारागिराला स्वतःचाच हेवा वाटला.

दुसरी करवत बाजाराच्या टोकाला होती. धुराने काळी पडलेली, बोटभर रुंद पट्टीची, पायाने चालवायची. शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती.

"आजी, ही कशी आहे?"

"तिलाच विचारा," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

त्याने उरलेल्या ओंडक्यावर रेघ मारली आणि पाय चालवला. करवत आवाज न करता फिरू लागली. पण चार बोटं गेली नाहीत तोच लाकूड त्याच्या हातात वळू लागलं आणि पट्टी रेघ सोडून गेली. कापून झालं तेव्हा निळी रेघ एकीकडे होती आणि काप दुसरीकडे.

"ही तर भरकटते!" तो म्हणाला. त्याने दोन्ही तुकडे तिथेच टाकले आणि बैलासकट मोठी करवत घरी आणली.

पंधरा दिवसांत तीस धनुष्यं तयार झाली. अशी सरळ, अशी एकसारखी की गाव बघत राहिलं. लेकीने आपलं धनुष्य उचललं, तेव्हा बापाचा ऊर भरून आला.

पहिल्या ताणाच्या दिवशी सगळे पारापाशी जमले. कारागिराने लेकीचंच धनुष्य आधी घेतलं आणि दोरी गालाकडे ओढली. काड्कन आवाज झाला. वरचा अर्धा भाग तुटून त्याच्या गालात घुसला. रक्त पुसून त्याने दुसरं घेतलं, तेही मोडलं. तिसरं मोडलं तेव्हा लेकीने त्याचा हात धरला.

"बाबा, पुरे."

तिने मोडका तुकडा उचलून उन्हात धरला. धामणीच्या अंगात वर्षागणिक उठलेल्या बारीक रेघा दिसत होत्या. त्या तिरप्या येत होत्या आणि काठाशी येऊन तुटत होत्या. जिथे त्या तुटल्या होत्या, तिथेच धनुष्य मोडलं होतं.

"ही बघा, रेघ मध्येच बाहेर पडलीय," ती म्हणाली.

कारागिराने तो तुकडा हातात घेतला. हेच धनुष्य लांडग्यासमोर मोडलं असतं तर? तो विचार त्याला पुढे नेववेना. अमावास्येला माणसं वर जायची होती आणि हातात वीस दिवस होते.

रात्री त्याला बाजारातली काळी करवत आठवली, आणि दुसऱ्या सकाळी तो नदी उतरून, घर विचारत म्हातारीच्या दारात उभा राहिला. ती काळी करवत पडवीत होती. म्हातारीने त्याच्या गालावरची पट्टी पाहिली आणि एक वाटी पाण्याने काठोकाठ भरून करवतीच्या फळीवर ठेवली.

"चालवा."

त्याने पाय चालवला. चाकं भिरभिरली, पट्टी दिसेनाशी झाली, पण वाटीतलं पाणी हललं नाही. त्यात पडवीचे वासे जसेच्या तसे दिसत होते. असं काही त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने पाय थांबवला आणि नकळत हात जोडले.

"बाजारात मी बोलायचं नव्हतं," म्हातारी म्हणाली. "पण तिनं तुम्हाला सांगितलं होतं."

ती आत गेली आणि त्याने टाकून दिलेले तुकडे घेऊन आली. कारागिराने काप निरखला. एकच बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली होती. करवत तिच्या कडेकडेने वळत गेली होती. तिच्या बाजूच्या रेघांत चाळीस पावसाळे होते, दुष्काळात आक्रसलेलं एक वर्ष होतं, एका वादळाने दिलेला वाक होता. हे सगळं त्याच्याच हातात होतं आणि तो निळीकडे बघत बसला होता.

"मला वाटलं, ही भरकटली."

"माझ्या धन्यानं हिच्यावर जन्मभर धनुष्यंच केली. आधी लाकडाची रेघ शोधायचे, मग हिला हात लावायचे. तुम्ही आपली रेघ मारून आलात."

"बदल्यात काय देऊ, आजी?"

"हिला रिकामं ठेवू नका."

कारागिराने काळी करवत घरी आणली आणि निळीचा दोरा चुलीत टाकला. बायकोने ते पाहिलं आणि वर एक फुंकर घातली. उरलेली सत्तावीस धनुष्यंही त्याने चुलीपाशी रचून ठेवली. मग सालीखालची रेघ बोटाने शोधायची, काजळाने तिच्यावर खूण करायची आणि लाकूड वळेल तसा हात वळवायचा, असा त्याचा क्रम सुरू झाला. दमला की बायको पाय चालवी, ती दमली की लेक.

अमावास्येला तीस धनुष्यं पारावर मांडली गेली. एकही सरळ नव्हतं. कुणाला कंबरेत वाक, कुणाला खांद्यात.

"हे काय वाकडंतिकडं?" लोक हसले.

कारागिराने लेकीचं धनुष्य उचललं. दोरी ओढत नेऊन त्याने गालावरच्या न भरलेल्या जखमेला भिडवली. धनुष्य वाकलं, वाकत गेलं, आणि साधी कुरकुरही ऐकू आली नाही. एकेक करत तीसही धनुष्यं तशीच वाकली, आणि पुन्हा कुणी हसलं नाही. मग त्याने ते पहिलं धनुष्य लेकीच्या हाती दिलं.

त्या हिवाळ्यात लांडगे सात वेळा खिंडीत उतरले. पालवी फुटली तेव्हा कारागीर तीन दिवस पायवाटेवर बसून होता. चौथ्या दिवशी माणसं खाली येऊ लागली. तो मोजत गेला. तिसावी त्याची लेक होती आणि तिच्या खांद्यावर ते वाकडं धनुष्य होतं.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात असू द्या: ज्याच्यातून काही घडवायचं आहे, त्याच्यावर आपली रेघ मारण्याआधी त्याची स्वतःची रेघ ओळखावी.