हिरडोलीत सनई एकट्याला का शिकवत नाहीत

हिरडोलीत सनई शिकायला कुणीही यावं, पण एकट्यानं येऊ नये. मघाशी पाहिलंत ना, शिकत होती ती मुलगी, आणि उंबऱ्यात दुसराच शिष्य बसला होता? तो राखणीला नाही, ऐकायलाच बसतो. दुसरे कान हजर असल्याशिवाय इथं कुणी शिष्याला एक सूरही देत नाही. मीही चाळीस वर्षं असंच शिकवतोय. आणि हो, तो मोबाईल आधी खिशात घाला. संशय आमच्या पाण्यातच आहे, त्याला इलाज नाही.

फार वर्षांपूर्वी, असं सांगतात, लुमाजी गुरव हा इथला सनईवाला होता. भिवाईचं देऊळ दोन गावांच्या शिवेवर. त्याचं दार बारा वर्षांनी एकदा उघडतं. गुरवानं जागरणाची धून पुरी वाजवायची, मगच पाटलानं कडी काढायची. ती धून एकट्या लुमाजीला येई, म्हणून दाराचा मान हिरडोलीचा. पलीकडच्या गावानं धून उचलली तर मान तिकडे जाईल, या धास्तीनं तो पोखरला होता.

मूलबाळ नव्हतं, तेव्हा शिष्य घेणं भागच होतं. पाच घेतले. पण दुधानं तोंड पोळण्याआधीच ताक फुंकून पिणारा माणूस तो! प्रत्येकाला वेगळ्या वेळी बोलवायचा, दार लावून घ्यायचा, आणि एकमेकांसमोर वाजवायचं नाही अशी भिवाईची शपथ घालायचा. तरी मन निवेना. मग म्हणे त्यानं प्रत्येकाच्या धुनीत एकेका ठिकाणी मुद्दाम बदल केला, कुणाच्या आरंभी, कुणाच्या मध्यात. धून शिवेपलीकडून ऐकू आलीच, तर ती कुठं बदललीय यावरून चोर सापडेल, हा हिशेब.

यमाजी नावाच्या शिष्याची बहीण पलीकडच्या गावात दिलेली. तो भाऊबीजेला गेला की लुमाजी शिवेवर कान लावून बसायचा. बारा वर्षांत पलीकडून काही ऐकू आलं नाही. त्यानं तर संशय आणखीच वाढला.

दार उघडायचा दिवस आला. चौघडा सुरू झाला, लुमाजीनं सनई ओठाला लावली, आणि पहिल्याच वळणावर बोटं अडली. पाच तऱ्हांनी शिकवता शिकवता मूळ चाल पुसून गेली होती. पुन्हा वाजवली, पुन्हा अडली. पाटलाचा हात कडीवर तसाच.

शेवटी यमाजी पुढं झाला आणि आपल्याला शिकवलेली धून वाजवू लागला. "चुकीचं वाजवतुयास! आबांनी असं शिकवलंच न्हाई," दुसरा ओरडला. तिसऱ्यानं दोघांनाही खोटं पाडलं. खरी धून पलीकडे विकून खोटी कोण वाजवतोय, यावरून पाचही जण हातघाईवर आले.

लुमाजीनं सनई खाली ठेवली. "भांडू नगासा. म्याच पाचांस्नी पाच तऱ्हेनं शिकवलं. चोर तुमच्यात कुनी न्हवताच."

यमाजी म्हणाला, "आबा, आमी पाचीजन संगं वाजवतो. जिथं चौघांचं जुळंल आन एकाचं न्हाई, तिथं चौघांचं खरं."

तसंच केलं. पाच सनया प्रथमच एकत्र वाजल्या आणि धून जुळून आली. पाटील कडी काढणार, तोच लुमाजीनं त्याचा हात धरला. धुनीतली एक जागा त्यानं पाचांपैकी कुणालाच दिली नव्हती. जो सर्वांत इमानी निघेल, त्याच्या कानात मरताना सांगायची म्हणून राखून ठेवली होती.

"मग आता सांगा की, आबा," यमाजी म्हणाला.

पण लुमाजीला ती आठवेना. दार तेवढ्यावरच उघडलं. ती जागा त्याला मरेपर्यंत आठवली नाही.

आजही बारा वर्षांनी धून वाजते, तेव्हा त्या ठिकाणी सगळ्या सनया थांबतात आणि नुसता चौघडा चालतो. नवख्याला वाटतं, वाजवणाऱ्यांचा दम तुटला. माझे गुरुजी शेवटचे आजारी होते, तेव्हा मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन विचारलं होतं, ती जागा तुम्हाला तरी ठाऊक आहे का. गुरुजी हसले आणि नाही म्हणाले. मला ते अजून खरं वाटत नाही.