न चिरलेले पेरू

“...तर यातला रोज जवळ ठेवायला कुठला बरा, भन्ते?”

मी विचारून थांबले. भन्ते सोणुत्तरांनी ‘कशाला?’ असं विचारलं नाही.

काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा तिथे वाटलं.

कारण बाकी सगळ्यांनी विचारलं होतं. दुकानदाराने विचारलं, खोलीवरच्या मैत्रिणीने विचारलं, आईने तर चाकूंकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत विचारलं. म्हणून त्या ‘कशाला’चं उत्तर मी बसमध्ये मनातल्या मनात घोटून आणलं होतं. ते आता घशातच राहिलं.

भन्ते विहाराच्या ओसरीवर बसले होते. विहार छोटा, गावाबाहेरचा. अंगणात पंचशील ध्वजाचा खांब, पलीकडे रस्ता. लहानपणी याच ओसरीवर त्यांच्यासमोर बसून मी त्रिशरण पाठ केलं होतं. चुकलं की ते रागवायचे नाहीत, नुसते थांबायचे. मला त्या थांबण्याचीच भीती वाटायची.

आताही ते थांबले होते.

चटईवर मी तीन चाकू मांडले होते. मिटणारे, मुठीत मावणारे. ठरवता येईना म्हणून तिन्ही विकत घेतले होते.

“उघड,” भन्ते म्हणाले.

मी काळा उचलला. पात्याला बारीकसा खुंट होता, तो अंगठ्याने ढकलला. खट्... आणि मीच दचकले.

“कोण आलं?” भन्तेंनी विचारलं.

“कुणी नाही. याचाच आवाज.”

“मिटव.”

हा चाकू उघडला की पातं अडकून बसतं. मिटवायला मुठीतली पट्टी बाजूला दाबावी लागते, आणि नेमका तोच अंगठा पात्याच्या वाटेत येतो. मी जीभ दातात धरून, मान लांब करून तो कसाबसा मिटवला. मग सांगितलं की हा सगळ्यात सुरक्षित. उघडा असताना आपणहून मिटत नाही, बोटं कापायची भीती नाही.

“भीती नाही...” भन्ते म्हणाले, आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

मी अंगठा मुठीत लपवला.

दुसरा स्टीलचा, जाडसर. त्याच्या पोटात पात्याशिवाय कात्री होती, टोचा होता, बाटलीचं झाकण काढायचं काहीतरी होतं. मी एकेक उघडून दाखवत गेले. शेवटी दात कोरायची काडी निघाली.

“ही छान आहे,” भन्ते म्हणाले.

त्यांच्या तोंडात आता दात असे फारसे उरलेले नाहीत. हसायचं की नाही ते मला कळलं नाही, म्हणून मी काडी परत आत सरकवली.

तिसरा लाकडी मुठीचा. पात्याच्या पाठीवर खाच, तिच्यात नख घालून पातं वर उचलायचं. दुकानदाराने हाच घ्या म्हणून फार आग्रह केला होता. म्हणाला होता, ताई, हा कुणासमोर काढला तरी कोणी दचकत नाही. तर मग उपयोग काय, असं मला वाटलं होतं. पण तो हातात घेतला की बरं वाटायचं. म्हणून तोही घेतला.

“तुमच्याजवळ असतं का असं काही?” मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, भिक्खूला हे काय विचारतेय मी.

भन्तेंनी बाजूच्या झोळीतून एक कापडी घडी काढली. उलगडली. आत वस्तरा होता. भिक्खूजवळ ज्या मोजक्या वस्तू असाव्यात त्यात चीवर, पात्र यांच्याबरोबर वस्तराही असतो, हे मला माहीत होतं. पण पाठ असणं वेगळं, समोर पातं बघणं वेगळं.

“याने...?”

“डोकं.”

“कापत नाही?”

“कापतं कधी कधी.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकंच करतो.”

त्यांनी घडी घातली, झोळीत ठेवली. यातून मला काय घ्यायचं होतं, ठाऊक नाही. मी मान हलवली.

तेवढ्यात मागून भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी पुन्हा दचकले. पर्वताबाई होत्या. विहाराशेजारी राहतात, भन्तेंचं भोजन बहुतेक त्याच आणतात. आज त्यांच्या नातीचं बारसं होतं, चूल तिकडे गुंतलेली, म्हणून त्यांनी भन्तेंसाठी नुसते पेरू आणले होते. थाळी माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या की आता तू आहेस तर तूच दे, मी तिकडे नाव ठेवून येते. आणि लगबगीने गेल्याही.

थाळीत पिवळे, पिकलेले पेरू एकमेकांना टेकून होते.

भन्तेंनी अंगणाकडे पाहिलं. तिथे फरशीवर पर्वताबाईंनी चुन्याची एक रेघ ओढलेली आहे. खांबाची सावली त्या रेघेवर आली की मध्यान्ह झाली. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत भन्ते काही खात नाहीत. सावली अजून रेघेच्या अलीकडे होती. फार अलीकडे नव्हती.

“कप्पियं करोहि,” भन्ते म्हणाले.

हे मला येत होतं. बी असलेलं फळ भिक्खू तसंच घेत नाहीत, कारण बीमध्ये जीव धरायची ताकद असते. आधी आपण फळाला चीर द्यायची, ‘कप्पियं भन्ते’ म्हणायचं, म्हणजे हे आता घेण्याजोगं झालं. मग थाळी पुढे करायची. फळं एकमेकांना टेकलेली असली तर एकाला दिलेली चीर सगळ्यांना पुरते. इतकं सोपं.

मी उठले. “विळी आतच असते ना?”

“पर्वताबाईने बारशाला नेली.”

मी परत बसले. भन्ते चटईकडे बघत होते. तीन चाकू आमच्या मध्ये पडलेले.

“यांनी?” मी म्हणाले. “नाही, भन्ते. हे त्यासाठी नाहीत.”

नव्या पात्याला पेरूचा रस लागला तर गंज धरेल, धार जाईल, असंही काहीतरी मी पुटपुटले.



“मग कशासाठी आहेत?”

शेवटी विचारलं त्यांनी.

आणि मी सुरू झाले. बसमध्ये घोटलेलं उत्तर चार वाक्यांचं होतं, तोंडातून निघालं ते काही वेगळंच. मी सांगितलं की ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून माझी निवड झाली आहे. जंगलाकडचा तालुका आहे. उद्या रुजू व्हायचा शेवटचा दिवस. उद्या नाही गेले तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. ही परीक्षा मी कितीतरी वेळा दिली, प्रत्येक वेळी निवड थोडक्यात हुकली, यंदा झाली. आणि आता मलाच जायचं नाही. म्हणजे जायचं आहे. आई म्हणते नको जाऊ, घरी राहा. आईने तसं म्हटलं की मला राग येतो आणि बरंही वाटतं.

मग ती वाट सांगितली. थांब्यापासून निवासस्थानापर्यंत सागाच्या झाडांतून जाते. जागा बघायला गेले होते तेव्हा संध्याकाळी दोघे जण मोटारसायकलवर मागून आले, माझ्याजवळ गाडी हळू केली. एकाने विचारलं, सोडू का? मी नाही म्हटलं. ते निघून गेले. एवढंच झालं. चांगल्या मनानेच विचारलं असेल. नसेलही. हे ओळखायचं कसं, तेच तर मला कळत नाही, भन्ते. तेव्हापासून मी चाकूंचे व्हिडिओ बघते. कुठलं स्टील, कुठली मूठ, खिशाला अडकवायची क्लिप कशी हवी. मोठा घ्यावा तर लोक बघतात. लहान घ्यावा तर वेळेवर सापडत नाही. सापडला तर उघडत नाही. उघडला तर समोरचा हिसकावून घेईल. म्हणून उघडायला अवघड असलेलाच बरा. पण मग तो मलाही...

मी बोलत होते. भन्ते ऐकत होते. त्यांनी मध्ये हूं केलं नाही, मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. कुणी इतकं नीट ऐकलं की थांबताच येत नाही. तोच सागाचा रस्ता मी पुन्हा सांगितला. तीच गाडी पुन्हा हळू झाली.

केव्हातरी घसा कोरडा पडला, तेव्हा गप्प झाले.

भन्तेंनी समोरचं पात्र उचललं आणि उपडं ठेवलं.

मी अंगणात पाहिलं. सावली रेघ ओलांडून गेली होती.

मी थाळी दोन्ही हातांनी पुढे केली, कुठलाच पेरू चिरलेला नसताना. “भन्ते, घ्या ना. थोडीच तर पुढे गेलीय.”

“गेली.”

“मला थांबवायचं ना, भन्ते... मध्येच थांबवायचं.”

“जेवणाऱ्याला कसं उठवणार?” ते माझ्याकडे बघत म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “पण जेवत कुणीच नव्हतं, भन्ते.”

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी झोळी घेतली आणि आत गेले. दार लोटलं. थोड्या वेळाने आतून पावलं ऐकू यायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वळायची. परत.

एक म्हातारा माणूस उद्या सकाळपर्यंत उपाशी राहणार होता, आणि मी त्याला माझी वाट सांगत बसले होते. हे पाप असतं का? कुणाला विचारायचं? ज्यांना विचारायचं तेच उपाशी.

“भन्ते,” मी दाराशी जाऊन हाक मारली. “चुकलं माझं.”

पावलं चालत राहिली.

“भन्ते, मी जाऊ उद्या, की नको?”

पावलं भिंतीपाशी वळली. परत आली.

मी चटईवर येऊन बसले. रडू येईल असं वाटलं, पण तेही धड येईना.

पर्वताबाई आल्या त्या हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी घेऊन. आल्या आल्या त्यांची नजर पात्रावर गेली.

“पात्र उपडं काहून आहे?”

मी सांगितलं. विळी नव्हती, चाकू होते, पण ते त्यासाठी नव्हते, मग मी बोलत राहिले... सांगताना माझं मलाच काही कळेना.

“अवं, नख लावाचं ना,” पर्वताबाई म्हणाल्या. “नख लावलं तरी चालते.”

मी माझी बोटं पाहिली. नखं मी कधीच कुरतडून संपवली होती.

पर्वताबाईंनीही पाहिली. त्यांना हसू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. मग ऐसपैस मांडी घालून बसल्या. “बरं, आता चीर. मले बी दे, तू बी खाय. आपल्याले कुठं नियम आहे.”

आणि त्या बारशाचं सांगायला लागल्या. पाळण्याची दोरीच कशी सापडेना, शेवटी मुलीच्या आत्याने लुगड्याची कशी बांधली. नाव काय ठेवायचं यावरून आत्या आणि मामी कशा दोन खोल्यांत जाऊन बसल्या. नाव काय ठेवलं मग, मी विचारलं. कुठलं ठेवतात, त्या म्हणाल्या, पोरगी झोपून गेली ना तेवढ्यात, उठली की ठेवू. मी ऐकत होते आणि चटईवरचा हाताला आला तो चाकू घेऊन फोडी करत होते. पेरू आतून गुलाबी निघाला. एक फोड त्यांना दिली, एक मी खाल्ली. पोटात गेल्यावर कळलं की सकाळपासून मी काहीच खाल्लेलं नव्हतं. मग दुसरा पेरू घेतला. तो जरा कच्चा होता, बिया दाताखाली कडकड वाजल्या.

“मीठ पाहिजे याले,” पर्वताबाई म्हणाल्या, आणि मीठ आणायला घरी गेल्या.

मी पातं ओढणीला पुसलं, चाकू मिटवला, पर्समध्ये टाकला. बाकीचे दोन चटईवर तसेच होते. आत पावलं चालूच होती. उपाशी पावलं, असं मला वाटलं.

तोंडातला घास गिळून मी दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, “भन्ते, उद्या मी लवकर येते. उन्हं वर यायच्या आधी. मीच चिरून देईन तुम्हाला, नक्की.”

पावलं थांबली.

मी वाट बघत राहिले. अंगणात ध्वज थोडा हलला, पुन्हा पडून राहिला.

मग आतून आवाज आला.

“उद्या तर तू कामावर असशील, खेमा.”