चाळीस चुलींचा एकेक धोंडा

विषय : मौजे पानसवाडी येथील चर्चच्या आवारातील धुरपदाबाईची चूल न हलवण्याबाबत.

संदर्भ : जुन्या माणसांचं तोंडी सांगणं. लेखी पुरावा उपलब्ध नाही. ज्यांना लिहिता येत होतं त्यांना ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी वाटली नाही.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, फार वर्षांपूर्वी पानसवाडीच्या वेशीबाहेर दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. गावाच्या लेखी दोन्ही सारख्याच. गाव दोघींच्या ओंजळीत एकाच उंचीवरून पाणी ओतायचं. तरी वरची आळी खालच्या आळीच्या हातचं पाणी घेत नसे. कुणीतरी आपल्याहूनही खाली आहे, एवढीच तिची इस्टेट होती. पुढं दोन्ही आळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच बापाची लेकरं झाली. प्रार्थना एकत्र होऊ लागली, आणि आमेन म्हटलं की पंगती दोन.

वरच्या आळीत धुरपदाबाई राहायची. पाद्रीसाहेबांनी वहीत तिचं नाव मार्था लिहिलं होतं. ते वहीतच राहिलं. तिच्या दारावरून कुणी उपाशी गेलं नाही, असं म्हणतात. एका नाताळात तिनं खालच्या आळीत स्वतः जाऊन लाजरस पाटोळ्याला जेवायचं आवतण दिलं. लाजरस म्हातारा, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. तो आला, पंगतीत बसला. पहिला घास मोडला, तोच मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, शिमोनराव उजागरे समोर येऊन उभे राहिले.

"लाजरस, तुझी पंगत तिकडं. खळ्याच्या पल्याड."

"मला धुरपदाबाईनं बोलवलंय, शिमोनराव."

"बोलवलं आसंल. बसवायचं कुठं ते मंडळी ठरवती."

म्हाताऱ्यानं मोडलेला घास ताटात परत ठेवला आणि तो उठला. त्या दिवसापासून तो चर्चला आला नाही. ढोलकी चर्चच्या खुंटीला टांगलेली राहिली.

धुरपदाबाई हातात पळी घेऊन उभी होती. "माझ्या ताटावरनं माणूस उठवला," एवढंच ती म्हणाली, आणि पुढं पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, आळीत कुणाशी बोलली नाही. तिच्या चुलीचा धूर मात्र, वारा कुठलाही असो, शिमोनरावांच्या दारात जायचा, असं म्हणतात.

पुनरुत्थानाच्या सणाला उजाडायच्या आत दोन्ही आळ्या चर्चमध्ये गेल्या. कबरेवरची धोंड बाजूला झाल्याचा अध्याय शिमोनरावांनी खणखणीत वाचला. तेवढ्या वेळात धुरपदाबाई घरोघर फिरली. त्या वेळी चुली तीन धोंड्यांच्या. तिनं प्रत्येक चुलीचा एकेक धोंडा काढला, वरच्या आळीचाही आणि खालच्या आळीचाही. चाळीस घरांचे चाळीस धोंडे एकाच पाटीत, एकाच खेपेत तिनं डोक्यावरून आणले, असं म्हणतात. चर्चच्या आवारात त्यांच्या दोन रांगा मांडून तिनं एक लांबलचक चूल केली आणि जाळ लावला.

मंडळी भुकेली घरी गेली, तर दोन धोंड्यांवर भांडं राहीना. रानातनं नवा धोंडा आणावा, तर तो आचेला ठेवताच तडकायचा, असं म्हणतात. शेवटी सगळे चर्चसमोर गोळा झाले. लाजरसही आपला धोंडा मागायला आला आणि लांब उभा राहिला.

"धुरपदे, डोकं फिरलंय का तुझं? आमचे धोंडे दे," शिमोनराव ओरडले.

"न्या की. ज्यानं त्यानं आपापला वळखून न्यावा."

शिमोनराव वाकले. सगळे धोंडे काजळीनं सारखेच काळे. त्यांनी अंदाजानं कडेचा एक धरला.

"बघा हं," धुरपदाबाई म्हणाली. "खालच्या आळीचा निघाला तर रोज त्याच्यावर शिजवून खावं लागंल. मग तुमाला कुणाच्या पंगतीला बसवायचं, ते मंडळीला इचारावं लागंल."

शिमोनरावांनी निखारा लागल्यासारखा हात मागं घेतला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या कुणीही धोंड्याला हात लावला नाही.

"धोंडे माझ्यापाशी हायेत. पीठ, डाळ, हुलगे, घरात आसंल ते आणा," ती म्हणाली, आणि लाजरसकडं वळली. "बाबा, तुमचं ताट नाताळापासनं वाढून ठिवलंय. बसा."

"पुन्यांदा उठवणार न्हाई ना कुणी?"

"उठवणाऱ्याची चूल कुठं हाय आता?"

लाजरस पहिला बसला. शेजारी शिमोनराव बसले. ते औषध घेतल्यासारखे जेवले, पण जेवले. एका हंड्यातली आमटी दोन्ही आळ्यांना पुरली आणि वाटसरूंनाही उरली, असं म्हणतात. जेवण झाल्यावर लाजरसनं ढोलकी खुंटीवरून उतरवली.

ते धोंडे धुरपदाबाईनं कधीच परत केले नाहीत. आजही त्या सणाला पानसवाडीत कुणी घरी चूल पेटवत नाही. आता घरोघर गॅस आहे, म्हणून पहाटे रेग्युलेटर काढून आणतात आणि चर्चच्या खुंट्यांना अडकवतात. पहिलं ताट पाटोळ्यांच्या घरातल्या कुणाला तरी वाढतात. त्या पंगतीतून कुणी कुणाला उठवत नाही.

गेल्या वर्षी मंडळीच्या समितीनं ठराव केला की ही चूल काढून तिथं सभागृह बांधावं. नकाशात दोन जेवणघरं आहेत. एकावर 'मान्यवर' असं लिहिलं आहे, दुसऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही. अध्यक्ष वरच्या आळीचे, चिटणीस खालच्या आळीचे. मान्यवरांच्या जेवणघराबाबत दोघांचं पूर्ण एकमत झालं. दोन आळ्यांच्या ऐक्याचा एवढा भक्कम पुरावा पानसवाडीत यापूर्वी नोंदला गेलेला नाही.

चूल आहे तिथंच ठेवावी आणि जेवणघर एकच बांधावं, असा अर्ज समितीकडे देण्यात आला आहे. त्यावर दोन्ही आळ्यांतल्या शंभरावर माणसांच्या सह्या आहेत आणि लाजरसच्या पणतीचा अंगठा आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. तीन बैठका झाल्या. तिन्हींत तो वेळेअभावी वाचला गेला नाही. तिन्ही बैठकांनंतर जेवण होतं.

अर्ज प्रलंबित आहे.