आडहोळची गप्प काहिल

फार वर्षांपूर्वी, इतक्या की सांगणाऱ्यानं थोडं वाढवून सांगितलं तर हरकत घ्यायला आता कुणी उरलेलं नाही, आडहोळ गावात केरबा नावाचा गुळव्या होता.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर रस शिजला की नाही हे ओळखणारा माणूस. उसाचा रस भल्यामोठ्या काहिलीत रटरटत असतो आणि मधेच एक क्षण येतो. तेव्हा काहिल उतरवली तर गूळ. आधी उतरवली तर नुसती काकवी, नंतर उतरवली तर करपटाण. तो क्षण धरायचा, एवढंच गुळव्याचं काम. पण गावाचं अख्खं वर्ष त्या क्षणाला टांगलेलं असायचं.

केरबाचा गूळ असा, की मुंग्या ढेपेपाशी येऊन एक कण न खाता माघारी जायच्या आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना घेऊन परत यायच्या, असं म्हणतात. मी थोडंच वाढवलंय.

तो क्षण केरबाला हातानं कळायचा. शेजारच्या गार पाण्याच्या घागरीत हात बुडवायचा, ओला हात तसाच उकळत्या रसात घालायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चिमटीत पाक धरून बाहेर काढायचा. बोटांत गोळी वळली की ओरडायचा, "उतरवा!" ओल्या हाताला रस चटका देत नसे. त्याच्या बापानं त्याला असंच शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. त्यामुळं केरबाच्या मते शिकायची वाट एकच होती. जो हात घालील तो शिकंल, जो घालणार नाही तो जन्मभर उसाची चिपाडं वाहील.

शिकायला बरेच आले. नारू आला, तर त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. "रस आधी पिवळा आन् मग लाल का हुतो, आण्णा?" केरबानं त्याला घाट्यानं बडवून हाकलला. घाटा म्हणजे रस ढवळायचं लांब दांड्याचं फावडं. पाठीवर बसलं की माणूस पुन्हा प्रश्न विचारत नाही. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, घालायला चिपाडं आणणारी हौसा एकदा नाक वर करून म्हणाली, "मामा, झाला वाटतं." केरबा म्हणाला, "तू तुझी आमटी बघ जा."

आणि एक होता सातापा. केरबाचा एकुलता एक पोरगा.

सातापाचा हात थरथरायचा. काहिलीजवळ नेला की कोपरापासून कापायचा. पण या पोराला एक विचित्र खोड होती. तो काहिलीकडं पाठ करून बसायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. केरबाची बोटं पाण्यात जायच्या आधीच म्हणायचा, "दादा, बोलाय लागलं."

"काय बोलाय लागलं?"

"गूळ. आवाज जाड झाला बघा. पयला पाण्यावाणी बोलतंय, मग दह्यावाणी, आन् आता..."

"गूळ बोलत असता तर गुळव्या कशाला लागला असता रं? हिकडं ये. हात घाल."

पोरगं चुकलं असतं तर केरबा हसून मोकळा झाला असता. पण सातापा कधीच चुकायचा नाही. तो बोलला की केरबा हात घालायचा आणि गोळी वळायचीच. बापाला राग त्याचाच होता. आपण अर्धं आयुष्य घालवून बोटांत आणलेलं या पोराला पाठ करून बसल्याजागी मिळतं, म्हणजे आपण केलं ते काय?

एका दुपारी गुऱ्हाळावर चार माणसं ताजा गूळ खायला जमली होती. त्यांतला एकजण गोळी चघळत म्हणाला, "केरबा, तुझा पोरगा पाठ दाखवून गुळव्या हुनार म्हंत्यात. लग्नात बी नवरीकडं पाठ करून हुबा ऱ्हाणार का काय?"

सगळे हसले. सातापाही हसला, असं म्हणतात. केरबा हसला नाही. त्यानं पोराचं मनगट धरलं, काहिलीपाशी ओढत नेलं आणि हात आत घातला.

घागर तिथंच होती. काठोकाठ भरलेली. उभ्या जन्मात ज्या माणसाच्या हातून तिच्यात हात बुडवायचं कधी राहिलं नाही, त्याच्या हातून पोराच्या वेळी राहिलं. सातापाचा हात कोरडाच आत गेला.

पुढचं मी लांबवत नाही. हात सडला, ताप चढला. वैद्यानं कोरफड बांधली, गावानं नवस बोलले. सातापा भ्रमात पडला तरी मान वळवून कान देऊन असायचा. शेवटी म्हणाला, "दादा, आता उतरवा." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आडहोळच्या सगळ्या उसाला एकाएकी तुरे आले. शिवारभर पांढरंच पांढरं. तुरा आला की उसातली गोडी उतरते, हे लहान पोरही जाणतं. बायका बांधावर उभं राहून रडल्या, असं म्हणतात.

केरबा दिवस घालून गुऱ्हाळावर गेला. घागरीत हात बुडवला, काहिलीत घातला. काहीच कळेना. बोटं मेली होती. निखारा उचलून तळहातावर ठेवला, तरी चटका बसेना. अंदाजानं काहिल उतरवली, तर ढेपा बसेनात. काळा पाक साच्यांतून ओघळून ओढ्याला लागला. खालच्या गावच्या बायकांना म्हणे कालवणात मीठ दुप्पट घालावं लागायचं, मासे इतके गोड झाले होते. तुम्ही हसा. आडहोळ हसत नव्हतं. शिवारात जो काही ऊस उरला होता तो वाळत चालला होता, आणि गावात दुसरा गुळव्या नव्हता, कारण केरबानं कुणाला होऊच दिला नव्हता.

मग एका काहिलीला केरबा हात पोटाशी धरून नुसता बसला असताना चिपाडं टाकता टाकता हौसा म्हणाली, "उतरवा."

जाळ घालणाऱ्यांनी केरबाकडं पाहिलं. केरबा हलला नाही. हौसा त्यांच्यावरच खेकसली, "बगताय काय? उतरवा म्हंते न्हवं!"

काहिल उतरली. गूळ बसला. पिवळाधमक.

"तुला कसं कळलं?" केरबानं विचारलं.

"नाकानं. वास कच्चा असतोय, मग भाजल्यावाणी येतोय. मला पयल्यापासनं कळतंय, मामा."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले हुते. तुमी आमटी बघाय धाडलंत."

असं म्हणतात की केरबा त्या दिवशी पहिल्यांदा रडला. पोराच्या तिरडीमागं रडला नव्हता.

त्यानंतर तो गावात घरोघर फिरला. पोरंटोरं, म्हातारी माणसं, ज्यांना हाकललं होतं ते सगळे, प्रत्येकासमोर उभं राहून एकच विचारायचा, "तुला कसं कळतंय?" नारूला त्यानं समोर बसवलं आणि त्याच्या एकूणएक प्रश्नाचं उत्तर दिलं, जिथं उत्तर नव्हतं तिथं "मला ठावं न्हाई" म्हणाला. कारण कळत गेलं तसा नारू शिकत गेला. कुणी बुडबुडे बघून शिकलं, कुणी घाटा ओढताना हाताला लागणाऱ्या जडपणावरून. दोन हंगामांत आडहोळात इतके गुळवे झाले की शेजारची गावं बोलवायला येऊ लागली.

पण केरबाला हवं होतं ते सापडलं नाही. ऐकून ओळखणारा एकही निघाला नाही. तो स्वतः काहिलीकडं पाठ करून, डोळे मिटून बसायचा. हंगामामागून हंगाम बसला. "काय ऐकू येतंय, आण्णा?" नारू विचारायचा. "उकळी," केरबा म्हणायचा. "नुस्ती उकळी." माणसं बोलत असली की हात जोडून म्हणायचा, "गप ऱ्हावा जरा." एके दिवशी सगळे गप्प राहिले, काहिल उतरली, गूळ ओतून झाला, तरी तो तसाच बसलेला. हौसानं खांद्याला हात लावला तेव्हा तो गार होता.

आडहोळात आजही हंगामाची पहिली काहिल चढते तेव्हा गावची सगळी पोरं आणून काहिलीकडं पाठ करून बसवतात. रस काढायचं इंजिन बंद, मोबाईल बंद, कुत्रीसुद्धा हाकलतात. मोठी माणसं काही सांगत नाहीत, शिकवत नाहीत. वासानं ओळखणाऱ्याला कळलेलं असतं, डोळ्यांनी ओळखणाऱ्याला कळलेलं असतं, पण त्या काहिलीला "उतरवा" म्हणायचा मान त्यांना नाही. एखादं पोर बोलेल म्हणून गाव थांबतं. क्षण येतो आणि जातो. मग कुणीतरी म्हातारं "केरबाच्या नावानं" म्हणतं आणि काहिल उतरवतात.

उशीर झालेला असतो, त्यामुळं तो गूळ दरवर्षी थोडा करपलेला निघतो. तो बाजारात जात नाही. पोरांच्या हातावर तिथंच एकेक खडा ठेवतात. कडू लागतो. पोरं तोंडं वाकडी करतात, पण खातात, आणि थुंकत कुणी नाही.