ठकू धबधब्याशी भांडली तेव्हा

एकदा काय झालं, एका अख्ख्या गावाची झोप उडाली.

कशी उडाली ते सांगते. आधी पाय पांघरुणात घ्या.

डोंगराच्या कुशीत ते गाव होतं. वर दाट रान, आणि रानात खूप आत एक धबधबा. गाव त्याला धारूबाई म्हणायचं. तिचा आवाज खाली गावात यायचा, धो धो धो, आणि त्या आवाजावर पोरं झोपायची. तिथे अंगाई कुणाला येतच नव्हती. गरजच काय?

धारूबाईकडे जायला एकच पाऊलवाट. आणि रानातली वाट, बरं का, चाललं नाही तर मिटते. म्हणून गावानं एक कोयता ठेवला होता. ज्याच्या दारावर कोयता, त्याची पाळी. त्यानं वाट साफ करत वर जायचं, धारूबाईशी चार शब्द बोलायचे, परत यायचं आणि कोयता शेजारच्या दारी टांगायचा. एवढंच काम.

पण गावात होते धोंडशेट, किराणा दुकानवाले. बोलायला इतके गोड की गूळ घ्यायला गेलेला माणूस गुळाशिवायच तोंड गोड करून परत यायचा. त्यांच्या दारी कोयता आला. ते म्हणाले, "गिऱ्हाईक सोडून रानात कोण जाईल?" आणि कोयता गुपचूप टांगला शेजाऱ्याच्या दारी. शेजारी कसला खुळा? त्यानं पाहिलं, धोंडशेट तर ओट्यावरच बसलेत. मग त्यानंही तेच केलं. मग त्याच्या शेजाऱ्यानं. कोयता दारोदार फिरला आणि वर कुणीच गेलं नाही. मला अजून संताप येतो त्या लोकांचा!

मग वाट मिटली. मग धारूबाई गप्प झाली. पाणी पडायचं, पण आवाज नाही.

आणि झोप नाही म्हटल्यावर काय उरतं? राग. सासू सुनेवर चिडायची, सून चुलीवर, आणि चूल भाकरीवर. कुत्री स्वतःच्याच शेपटीवर भुंकायची.

मग पाटलांनी दवंडी पिटवली, "सगळ्यांनी झोपायचं! जो जागा सापडेल त्याला चावडीत उभा करीन!" झोप अशी हुकमानं येते होय? कोण जागं आहे ते बघायला पाटीलच जागे.

मग धोंडशेटनी खसखस काढली. दुधातून घ्या म्हणाले, आणि भाव वाढवला. गावातली खसखस संपली, झोप काही आली नाही.

मग उरली ठकू. ठकू गावाच्या टोकाला राहायची, दोर वळायची. तिला नुकतीच मुलगी झाली होती. धारूबाई गप्प झाल्यावर जन्मलेली ती, तिचा डोळा एकदाही मिटला नव्हता. आधी खूप रडली. मग दूध प्यायची थांबली. मग रडायलाही तिच्यात जोर उरला नाही. नुसती बघत राहायची.

एके सकाळी ठकूनं दार उघडलं, तर दारावर कोयता! गंजून लाल झालेला. समोरून धोंडशेट सटकत होते.

"धोंडशेट, हा इथे कुणी टांगला?"

"वाऱ्यानं आला असेल, ठकूबाई."

"वाऱ्याला खिळा ठोकता येतो का हो?"

"चिडू नका. चिमूटभर खसखस देऊ?"

"घाला तुमच्याच डोळ्यांत!"

मग तिनं लेकीला पाठीशी बांधलं, कोयता दगडावर घासला आणि निघाली.

आधी लागली करवंदीची जाळी. म्हणाली, "इतके दिवस कुठे होतात गं?"

"मी बाळंतीण होते! तू वाट गिळून बसलीस, तुला लाज नाही?" ठकूनं असा काही कोयता उगारला की जाळीनं आपले काटे आपणच आवरून घेतले.

मग लागली शेवाळलेली शिळा. "पाय घसरेल हां," म्हणाली.

"घसरू दे! पण माझी पोर पडली ना, तर तुझी खडी करीन!" शिळेनं मुकाट अंग कोरडं केलं.

मग लागला वाघ. वाटेत आडवा.

"ठकू, मलासुद्धा झोप नाही गं," तो म्हणाला.

"मग वाटेत कशाला पसरलास? सरक!"

सरकला बिचारा.

आणि समोर धारूबाई. पांढरे केस मोकळे सोडून, पाठ फिरवून बसलेली.

"बोल!" ठकू ओरडली.

"का बोलू?" ती पुटपुटली. "तुम्हाला माझा आवाज हवा, माझं तोंड नको."

"रुसायचं तर त्या धोंडशेटवर रुस! माझ्या पोरीनं कुणाची पाळी चुकवली?"

"मी किती वाट पाहिली, ठाऊक आहे?"

"मग हाक मारायची होती!"

"मी हाक मारू? मी?" आणि धारूबाई गर्रकन वळली. "अगं, मी दिवसरात्र हाकच मारत होते! तुम्ही तिच्यावर झोपा काढल्यात!"

आणि अशी गरजली ती! धो धो धो! रान हाललं. ठकूही कमरेला पदर खोचून उभी. ही ओरडतेय, ती गरजतेय, कुणी कुणाचं ऐकेना.

एवढ्यात ठकूच्या मानेला काहीतरी ऊन ऊन लागलं. लेकीचं डोकं होतं. खांद्यावर कललेलं. डोळे मिटलेले, श्वास संथ.

ठकू गप्पच झाली. तिला बघून धारूबाईही थबकली.

"अगं, थांबलीस कशाला?" ठकू कुजबुजली. "भांड की!"

मग धारूबाई हसली, आणि भांडत राहिली. खाली गावात भर दुपारी माणसं होती तिथे झोपली. पाटील चावडीत, सासू सुनेच्या खांद्यावर, आणि वाघ वाटेच्या कडेला.

दुसऱ्या दिवशी गाव उठलं, आणि अख्ख्या गावानं मिळून कोयता धोंडशेटच्या दारी टांगला. ते गेले वर. चार शब्द बोलायला गेले, धारूबाईनं चारशे ऐकवले. तेव्हापासून पाळी कुणाची चुकली नाही, ठकूची लेक गुटगुटीत झाली, आणि गाव सुखानं झोपू लागलं.

ऐकू येतंय का लांबून, धो धो धो? धोंडशेट बोलणी खातायत. खाऊ देत त्यांना. तुम्ही मिटा डोळे.