पेरांवरची सम

“...पण महाराज, गादीवर बसून प्रवचन करायला माझं आणखी काय शिकायचं राहिलंय?”

मोरेश्वरानं हे विचारलं तेव्हा अच्युतमहाराज काठी चाचपडत होते. उपनिषदं मोरेश्वराला मुखोद्गत होती, आणि ती मुखोद्गत आहेत हे मठाच्या गोठ्यातल्या गाईंनाही एव्हाना ठाऊक झालं होतं. महाराज आता थकले होते. त्यांच्यामागं गादीवरून लोकांशी कोण बोलणार हे मठाच्या या उत्सवात उद्या ठरायचं होतं, आणि मोरेश्वराचा सगळा जीव त्यात अडकला होता.

“मंडपात तुळसाबाई गायला बसतायत,” महाराज म्हणाले. “चल.”

“माझ्या प्रश्नाचं...”

“चल.”

मोरेश्वर जन्मात कधी गाण्याच्या बैठकीला गेला नव्हता. पण कुठंही कोरं जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. उत्सवात गाणं आहे हे कळताच मठाच्या पखवाजवाल्याला गाठून त्यानं तालाच्या मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायला शिकून घेतलं होतं. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा कुठंही हिंडून आला तरी समेवर परततो, आणि तिथं ऐकणाऱ्यानं दाद द्यायची. एवढं जमलं की गाणं कळलं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

तुळसाबाईंना दोघांनी धरून बैठकीवर बसवलं. वयानं त्या अगदी वाळून गेल्या होत्या. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावून आपल्या गुरूंचं नाव घेतलं आणि स्वर लावला.

मोरेश्वराचा अंगठा पेरांवरून सरकू लागला. सम जवळ येत होती. आली.

“वा!” तो मोठ्यानं म्हणाला.

मोजणी अगदी बरोबर होती. पण बाईंनी ती सम जाणूनबुजून सोडून दिली होती. त्या एका स्वरावर थांबल्या होत्या आणि सारा मंडप श्वास धरून त्यांच्याबरोबर थांबला होता. त्या शांततेत मोरेश्वराचा ‘वा’ भांडं पडावं तसा पडला. पुढच्या चार माना मागं वळल्या.

मोरेश्वराचे कान तापले. महाराजांनी त्याचा मोजणारा हात ओढून घेतला, त्याची बोटं मिटली आणि ती मूठ आपल्या मांडीवर धरून ठेवली.

आता मोजायला काहीच नव्हतं. नाइलाजानं तो ऐकू लागला.

बाई वरच्या षड्जाकडं निघाल्या. आवाज फाटला. पुन्हा निघाल्या. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी जोर केला नाही. त्या स्वराच्या जरा खाली थांबल्या, वर पाहून हात जोडले... आणि हळूहळू उतरत आल्या.

मोरेश्वराला आई आठवली.

तो मठात यायला निघाला त्या दिवशी तिनं अंगणातून हाक मारली होती. त्याचं नाव तिच्या तोंडात अर्ध्यावरच फाटलं होतं. यालाच वैराग्य म्हणतात असं समजून त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पुढं आई गेली. इतक्या वर्षांत त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं, आणि आज ती अर्धी हाक काळजाला येऊन भिडली. त्याला रडू आवरेना.

गाणं संपलं. लोक उठले, सतरंज्या गोळा झाल्या. महाराज बसूनच होते. मोरेश्वराची मूठ अजून त्यांच्या हातात होती.

“काय ऐकलंस?”

मोरेश्वरानं उपरण्यानं डोळे पुसले.

“मोरेश्वरा?”

“नंतर सम कुठं कुठं आली, मला कळलंच नाही, महाराज.”

“बरं.”

“आईला ओ द्यायची राहिली माझी...” त्यानं महाराजांच्या हातातल्या आपल्या मुठीकडं पाहिलं. मग म्हणाला, “उद्या गादीवर दुसऱ्या कुणालातरी बसवा. लोकांना सांगावं असं माझ्याजवळ काही उरलं नाही.”

महाराजांनी त्याची मूठ सोडली. काठी टेकत ते उठले.

“उद्या अंघोळ लवकर उरक,” ते म्हणाले. “गादीवर तुलाच बसायचं आहे.”